पहिल्या अंकातला नकार

आषाढातली गोष्ट आहे. कोल्हापुरात चार दिवस झड लागली होती, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला होता आणि शाळांना सुट्टी जाहीर झाल्यामुळे माझी आठवीतली मुलगी दिवाणावर पालथी पडून कॉमिक वाचत होती. कपडे वाळत नसल्यामुळे घरभर दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्या ओलसर वासात, खिडकीतून येणाऱ्या फिकट उजेडात ती सावकाश पाने उलटत होती. ‘फँटॅस्टिक फोर’ या मालिकेच्या पहिल्या अंकाचे हे पुनर्मुद्रण मी काही वर्षांपूर्वी पुण्याहून आणले होते, पण तिच्या हाती ते त्या दिवशी प्रथमच लागले होते. मी शेजारी बसून एका इमारतीचे नकाशे तपासत होतो. मध्येच ती थांबली, दोन पाने मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि म्हणाली, “बाबा, हा बेन भित्रा नव्हता ना?” मी मान वर न करताच म्हणालो, “नव्हता.” त्यावर ती उठून बसली. “मग ती त्याला भित्रा का म्हणाली? त्याचं तर बरोबर होतं. आणि बरोबर होतं तर तो गेला कशाला?”

काहीतरी उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. रात्री पागोळ्यांचा आवाज ऐकत पडलो असताना मात्र तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. तिने विचारले होते कॉमिकमधल्या बेनविषयी, आणि मला दिसत होता चाळीस वर्षांपूर्वीचा, मंगळवार पेठेतला एक मुलगा.

हा अंक अमेरिकेत ८ ऑगस्ट १९६१ रोजी दुकानांत आला. मुखपृष्ठावर महिना नोव्हेंबरचा छापलेला असला तरी विक्री सुरू झाली ती ऑगस्टमध्येच. आपल्याकडे पानशेत फुटून तेव्हा महिनाही पुरा झाला नव्हता. किंमत १० सेंट. त्याच वर्षी १२ एप्रिलला युरी गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला होता आणि ५ मे रोजी अमेरिकेचा अ‍ॅलन शेपर्ड अंतराळाला जेमतेम स्पर्श करून परतला होता. कुणीतरी आपल्या पुढे गेले आहे आणि आता थांबून चालणार नाही, ही घाई त्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या हवेतच होती आणि ती या कथेत जशीच्या तशी उतरली आहे. त्याच्या आदल्या वर्षी ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ची मालिका सुरू झाली होती आणि तिचा खप पाहून प्रकाशक मार्टिन गुडमन यांनी आपल्या संपादकाला, म्हणजे स्टॅन ली यांना, असाच महानायकांचा एक संघ काढायला सांगितले, असे स्वतः ली सांगत असत. ली तेव्हा ३८ वर्षांचे होते. चित्रकार जॅक कर्बी चव्वेचाळिशीला टेकले होते. चार माणसे एका अपघातातून वाचतात आणि मग एकत्र राहतात, अशी एक मालिका त्यांनी चारच वर्षांपूर्वी दुसऱ्या प्रकाशनासाठी चितारली होती. मागणी धंद्याची होती आणि हात अनुभवी होते, एवढ्यावर हा अंक चार दिवसांत विसरला जायला हरकत नव्हती. तो विसरला गेला नाही याचे कारण, मला वाटते, त्यातल्या भांडणात आहे.

मुखपृष्ठापासूनच काहीतरी वेगळे आहे. रस्ता फोडून एक हिरवा राक्षस कमरेपर्यंत वर आला आहे आणि त्याच्या मुठीत एक मुलगी आहे. तिला सोडवायला धावणाऱ्यांच्या अंगावर मात्र ना मुखवटा आहे, ना झगा, ना छातीवर चिन्ह. ही माणसे साध्या कपड्यांत आहेत; गणवेश त्यांना मिळतो तो तिसऱ्या अंकात. आत कथा सुरू होते तीही मधूनच. शहरावर आकाशात धुराची अक्षरे उमटतात, आणि ती वाचून तीन ठिकाणची तीन माणसे हातातले काम टाकून निघतात. मैत्रिणीकडे चहा घेत बसलेली स्यू अदृश्य होते, मोटारीच्या दुरुस्तीत गुंतलेला जॉनी पेट घेऊन उडतो, आणि या दोघांच्या मध्ये कपड्यांच्या दुकानात उभा असलेला बेन आपल्याला पहिल्यांदा भेटतो. अंगावर मोठा कोट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. दुकानदार त्याला सांगतो आहे की, तुमच्या मापाचे आमच्याकडे काही नाही. महानायकाची ओळख करून देणारे असे दुसरे चित्र मला माहीत नाही. बाकीच्यांची शक्ती आपल्याला आधी दिसते. बेनच्या बाबतीत आधी दिसते ते हे की, त्याला अंगाला येईल असा कपडा मिळत नाही. तो दुकानाच्या दारातून बाहेर पडतो तेव्हा दार मोडते. त्याला कुणावर हल्ला करायचा नसतो. तो त्या दारात मावत नाही एवढेच.

मुलगी ज्या पानावर थांबली ते पुढे, पूर्वकथेत आहे. चौघांतला शास्त्रज्ञ रीड रिचर्ड्स याने यान बांधले आहे आणि ते चालवायचे आहे बेनने, कारण वैमानिक तोच आहे. बेन टेबलावर हात आपटून नाही म्हणतो. त्याचे म्हणणे अगदी मुद्द्याचे आहे: वैश्विक किरणांचा माणसावर काय परिणाम होतो याचा अभ्यास आपण पुरेसा केलेला नाही, हे किरण आपल्या सर्वांना मारू शकतात, तेव्हा मला यातून वगळा. यात भीतीचा शब्द नाही. हा यान चालवणाऱ्या माणसाने यान बांधणाऱ्या माणसाला दिलेला अहवाल आहे. त्या अहवालाला कुणी उत्तर देत नाही. रीडकडे आकडे असते तर त्याने ते दाखवले असते. त्याऐवजी स्यू म्हणते की, कम्युनिस्टांनी आपल्या आधी पोहोचावे असे वाटत नसेल तर हा धोका पत्करलाच पाहिजे, आणि तू भित्रा असशील असे मला कधी वाटले नव्हते. एका चौकटीत विषय बदलतो. आतापर्यंत प्रश्न किरणांचा होता, आता तो बेनच्या मर्दपणाचा झाला. पुढच्या चौकटीत बेन कडाडतो की मला कुणी भित्रा म्हणायचे नाही, आणि जे व्हायचे ते होवो, यान मीच नेणार.

पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या लहानपणी हा अंक आम्ही पाहिलेला नव्हता. आमच्याकडे वेताळ होता, मॅन्ड्रेक आणि लोथार होते, आणि ते सगळे महाद्वार रोडजवळच्या एका भाड्याच्या वाचनालयातून दिवसाच्या बोलीने घरी येत. त्या पुस्तकांच्या पानांना अनेक हातांचा, खोबरेल तेलाचा आणि भिजून वाळलेल्या कागदाचा मिळून एक वास असे. पण वेताळ एकटा होता. अनेक शूर माणसांनी मिळून काही करायचे ही कल्पना आम्हाला कॉमिकमधून आलीच नाही, ती पेठेतून आली. कोल्हापुरात मुलाला कळायला लागते तेव्हा आपण कोणत्या तालमीचे हे त्याला आधी कळते. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉलचा सामना शाहू स्टेडियमवर असला की शाळेतल्या बाकांचीसुद्धा वाटणी होत असे. लाल मातीत उतरलेली मोठी मुले, गणपतीत ढोल ओढणारी मुले, पुराच्या पाण्यात दोर घेऊन उतरणारी मुले हीच आमची महानायकांची टोळी होती. त्या टोळीचा एक अलिखित कायदा होता, आणि तो बहुधा सगळ्याच टोळ्यांचा असतो. कुणी नाही म्हटले तर का, असे कुणी विचारत नसे. “फाटली का?” एवढेच विचारले जाई.

१९८६ च्या जानेवारीत, आठवीत असताना, आम्ही चौघांनी आमचे स्वतःचे कॉमिक काढले. त्यातले तिघे साधी मुले होतो आणि चौथा चित्रकार होता. त्याचे वडील बोर्ड रंगवत. पत्र्यावर दोरा धरून खडूची रेघ झटकायची, काठीवर मनगट टेकवून अक्षराची वेलांटी एका ओढीत फिरवायची, हे तो चालायला शिकल्यापासून पाहत आला होता. त्या वर्षीच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला त्याला अ श्रेणी मिळाली होती. आमच्या कॉमिकमध्ये पेठेतले चार वीर होते, आणि रंकाळ्याच्या तळाशी, पूर्वीच्या दगडाच्या खाणीत, राहणारा एक दुष्ट होता. तो पाण्याखालून शहर पोखरत होता. पुढे कितीतरी वर्षांनी फँटॅस्टिक फोरचा पहिला अंक वाचताना जमिनीखालून अणुऊर्जा केंद्रे गिळणारा मोल मॅन मला भेटला, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आपल्या पायाखाली कुणीतरी आहे ही भीती न्यूयॉर्कच्या माणसांना आणि कोल्हापूरच्या पोरांना सारखीच सुचावी, याचे तेव्हा नवल वाटले. गोष्ट मी लिहिली होती. दुष्टाला चष्मा आणि खडूने माखलेला कोट द्यायची कल्पनाही माझीच होती, आणि तो कुणासारखा दिसतो हे आमच्या वर्गातल्या कुणालाही सांगावे लागले नसते.

अंक ड्रॉइंग पेपरच्या बारा पानांचा होता, मध्ये सुई-दोऱ्याने शिवलेला. आतली चित्रे टाकाने, काळ्या शाईने काढली होती. तो टाक शाईत बुडवून आधी दौतीच्या काठावर निथळायचा, मग एका जुन्या वहीवर दोन रेघा मारून पाहायचा आणि मगच पानाला टेकवायचा. रेघ ओढताना तो श्वास धरून ठेवत असे. आम्ही तिघे त्याच्या भोवती बसून आपापले श्वास धरत असू. मुखपृष्ठावर आणि शेवटच्या पानावर त्याने लाल रंग वापरला होता, चौघा वीरांच्या फेट्यांचा आणि दुष्टाच्या अंगरख्याचा, आणि तो लाल इतका झगझगीत होता की खोलीत त्या एकाच गोष्टीकडे लक्ष जाई. वर मी सांगितल्याप्रमाणे ‘अंक पहिला’ असे लेटरिंग होते. खाली उजव्या कोपऱ्यात, त्याचे वडील बोर्डावर करत तशी, त्याची सही होती. आमची नावे कुठेच नव्हती. नावे घालायला आम्ही विसरलो होतो, की घालायचे धाडस नव्हते, हे आज खात्रीने सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेचे स्नेहसंमेलन होते. दालनात मुलांची हस्तलिखिते मांडली जात. आपले कॉमिक त्या टेबलावर ठेवायचे, असे मी जाहीर केले. तो म्हणाला, “उद्या नको. परवा ठेवू.” परवा संमेलन संपलेले असणार होते. मी कारण विचारले असते तर त्याने सांगितले असते, पण मी विचारले नाही, कारण मला कारण माहीत असल्याची खात्री होती. सरांचा चेहरा काढला होता तो त्याने, सही होती ती त्याची, तेव्हा त्याची छाती दडपली आहे, हे मला उघड दिसत होते. मी बाकीच्या दोघांकडे पाहून म्हणालो, “बघा, भित्रा निघाला.” त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचे वर्णन मी आजवर अनेकदा मनात करून पाहिले आहे आणि दर वेळी ते वेगळे झाले आहे. मग त्याने अंक वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

संमेलनाच्या दिवशी सरांनी तो अंक उचलला तेव्हा मी दालनाच्या दाराशी, पालकांच्या मागे जाऊन उभा होतो. मला सरांचा हात दिसला, कागद फाटल्याचा आवाज आला आणि मग सरांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, तो झगझगीत लाल पट्टा दिसला. कोपऱ्यातली सही वाचून त्यांनी त्याचे नाव मोठ्याने पुकारले. तो पुढे गेला. “पेंटर काय रे तू?” असे त्यांनी विचारल्याचे आठवते, आणि सगळे हसल्याचेही. आम्ही तिघे जागचे हललो नाही. त्याला छड्या बसल्या, अंक गेला तो गेलाच, आणि पुढच्या वर्षी इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या मुलांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. दहावीनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी स्थापत्य अभियांत्रिकी केली. तो वडिलांच्या दुकानात उभा राहिला, आणि आज त्याच्या दुकानावर त्याच्या नावापुढे तोच शब्द आहे, पेंटर.

कॉमिकमध्येही नावांची अशीच वाटणी होते. यान कोसळते, चौघे वाचतात, आणि एकेकाचे शरीर बदलू लागते. बेन केशरी, खडबडीत, अवजड होतो, आणि त्याला पाहून स्यूच्या तोंडून निघते की, हा तर एक ‘थिंग’ झाला, एक वस्तू झाला. मग चौघे हातावर हात ठेवून शपथ घेतात आणि आपापली नावे निवडतात. रीड स्वतःला मिस्टर फँटॅस्टिक म्हणवतो, जॉनी ह्यूमन टॉर्च होतो, स्यू इनव्हिजिबल गर्ल. बेन म्हणतो की मी आता बेन नाही, सुसान म्हणाली तोच मी, थिंग. कितीतरी वेळा वाचूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते. मुलीच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचले तेव्हा आले. यान उडण्याआधीचा ‘भित्रा’ आणि यान पडल्यानंतरचा ‘थिंग’ हे दोन्ही शब्द एकाच व्यक्तीच्या तोंडचे आहेत, आणि ती वाईट नाही. ती त्याची मैत्रीण आहे, ती घाबरलेली आहे, आणि ती स्वतः त्या यानात बसलेली आहे. बाकीचे तिघे हवे तेव्हा माणसात येऊ शकतात. ज्याने नको म्हटले होते तोच एकटा येऊ शकत नाही. ली आणि कर्बी यांनी हे ठरवून केले की ओघात झाले, ते असो. पण जस्टिस लीगच्या गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या संघाच्या शेजारी हा संघ ठेवला की कळते की, इथे एकजूट आहे ती एकाच्या अंगावर पडलेल्या किमतीभोवती आहे. रीडच्या प्रत्येक पुढच्या अंकातल्या धडपडीत, बेनला माणूस करण्याच्या प्रत्येक प्रयोगात, ते टेबल आणि तो न ऐकलेला अहवाल असतो.

या अहवालाबद्दल मला एवढे वाटावे याला माझा व्यवसायही कारण आहे. गेली अठ्ठावीस वर्षे मी इमारतींची संकल्पचित्रे करतो. काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद २८ दिवसांनी तपासायची असते, स्लॅबखालचे टेकू ठरलेल्या दिवसांआधी काढायचे नसतात, आणि साइटवर दर वेळी कुणीतरी घाईत असते. दिवाळीचा मुहूर्त असतो, बँकेचा हप्ता असतो. मी नाही म्हणतो, आणि समोरचा माणूस आकडा विचारत नाही, तो हसून म्हणतो, “साहेब, तुम्ही फार घाबरता बघा.” मी घाबरत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात जे चालले आहे त्याला वेळ लागतो, एवढे मला माहीत आहे. तरीही त्या वाक्याने दर वेळी कान गरम होतात, आणि एकदा, फक्त एकदा, मी दोन दिवस आधी टेकू काढायला होकार दिला होता. काही झाले नाही. ती इमारत आजही उभी आहे आणि तिच्यावरून जाताना मी आजही वर पाहतो. म्हणून बेनने यानाकडे टाकलेले पाऊल मला समजते. जे आपल्याला ठाऊक आहे ते बाजूला ठेवून माणूस केवळ एका शब्दाला खोटे पाडण्यासाठी चालू लागतो.

आषाढ संपता संपता, पाऊस उघडल्यावर, मी ते पुस्तक पिशवीत घालून लक्ष्मीपुरीतल्या त्या बोळात गेलो. आमची गाठ अधूनमधून पडते, लग्नात, रस्त्यावर. पण दुकानात मी बऱ्याच वर्षांनी गेलो होतो. फ्लेक्स आल्यापासून बोर्डांचे काम आटले. आता तो शाळांच्या भिंती रंगवतो, देवळांच्या कमानी रंगवतो, तालमीतला मारुती दर काही वर्षांनी नवा करतो, आणि अजूनही हाताने लिहिलेलाच बोर्ड हवा असे म्हणणारे कुणी ना कुणी येतात. त्या दिवशी एका गुऱ्हाळाचा बोर्ड होता. पत्र्याला नुकताच रेड ऑक्साइडचा हात दिलेला होता आणि दुकानभर टर्पेंटाइनचा वास होता. “ये की,” तो म्हणाला, “त्या पत्र्याला तेवढा टेकू नको.” त्याने हात चिंधीला पुसले, नाकाजवळ नेऊन वास घेतला, पुन्हा पुसले आणि मग पुस्तक घेतले.

इंग्रजी मजकूर त्याने वाचला नाही. तो पाने दूर धरून पाहत होता, मग जवळ, मग तिरकी करून. बेनच्या चित्रावर तो बराच वेळ थांबला. “ह्यो दगडाचा हाय म्हणतोस?” त्याने विचारले. मी हो म्हणालो. “दगड न्हाई ह्यो. माती हाय. ओली माती थापल्यागत काढलाय.” तो म्हणाला ते अगदी खरे आहे. थिंगच्या अंगावरच्या ठसठशीत, विटांसारख्या कपच्या नंतरच्या अंकांत आल्या. पहिल्या अंकात तो अजून आकार न घेतलेल्या चिखलासारखा आहे, जणू चित्रकाराच्या हातालाही अजून कळलेले नाही की या माणसाचे काय झाले आहे. मग तो पहिल्या पानावर परत गेला. “पेन्सिल एकाची आणि शाई दुसऱ्याची दिसती. मधल्या बाईचं तोंड बघ, रेघ किती मऊ सोडलीया. ह्यो हात येगळा हाय. कुणाचा?” त्या पानावर ली आणि कर्बी या दोघांच्याच सह्या आहेत. शाई भरणाऱ्याचे नाव अंकात कुठेच छापलेले नाही, आणि पुढे अभ्यासकांनी रेघांच्या वळणावरून ते काम जॉर्ज क्लाइन या चित्रकाराचे असावे असे ठरवले. मी त्याला हे सांगितले. तो काही बोलला नाही. अंगठ्याने त्या चेहऱ्याच्या कडेवरून, कागदाला न लावता, हात फिरवत राहिला.

मग मी त्याला मुलीचा प्रश्न सांगितला, आणि ते टेबलाचे पान दाखवले, आणि जे सांगायला आलो होतो ते सांगितले. संमेलनाच्या आदल्या दिवशी मी तुला भित्रा म्हणालो होतो. सरांचे तोंड काढायला मी लावले आणि मार तू खाल्लास. मी दाराशी उभा होतो. एवढे बोलायला मला बराच वेळ लागला. तो ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते रागाचे नव्हते, क्षमेचेही नव्हते. एखाद्या अक्षराची मापे चुकलेली दिसावीत तसे तो माझ्याकडे पाहत होता.

“भित्रा म्हणालास ते काय मला आठवत न्हाई,” तो म्हणाला. “पण सरांचं तोंड? ते पान सरांनी बघितलं कुठं? ते उघडलंच न्हाई. चिकटलं हुतं.”

मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

“लाल रंग पोस्टर कलर नव्हता मर्दा. आबांच्या डब्यातलं एनॅमल हुतं. पोस्टर कलरनं तसला लाल येत न्हाई, म्हणून चोरून घेतलं हुतं. थंडीचे दिवस, कागदावर एनॅमल. दोन दिवस लागत्यात वाळायला. मी तुला परवा म्हणालो हुतो. सरांनी उचललं, पान फाटलं, त्यांची बाही भरली. नवा शर्ट हुता त्यांचा.” तो थांबला. “मला छड्यांचं काय वाटलं न्हाई. फेटे लई चांगले जमले हुते. ते फाटले.”

चाळीस वर्षे मी ज्या गोष्टीचा पश्चात्ताप करत होतो, त्या गोष्टीत तो घाबरलेला होता, मीच त्याला घाबरलेला ठरवला होता, आणि मनातल्या मनात क्षमा मागतानाही मी त्याला तसाच ठेवला होता. त्याचे कारण टेबलावर पडलेले होते, दोन शब्दांचे होते, आणि मी ते तेव्हाही विचारले नव्हते आणि नंतरही कधी नाही. इंटरमिजिएटचेही मला विचारायचे होते. जिभेवर आले होते. पण तो उठला, पत्र्याजवळ गेला आणि कडेला, जिथे बोर्ड चौकटीत जाऊन झाकला जाईल तिथे, करंगळीच्या टोकाने हलकेच दाबून पाहिले. करंगळीवर किंचित तांबूस डाग आला. तो त्याने मला दाखवला.

“तासभर तरी,” तो म्हणाला. “थांबतोस?”

मी स्टूल ओढून बसलो. त्याने पुस्तक पुन्हा उघडून मांडीवर घेतले आणि पहिल्या पानापासून, एकेक चौकट करत, पाहायला सुरुवात केली. बोळात समोरच्या गाड्यावर भजी तळली जात होती आणि मधूनच एखादी दुचाकी साचलेले पाणी उडवत जात होती. पत्र्यावर दोरा धरून त्याने खडूची पहिली रेघ झटकली तेव्हा सव्वासहा वाजले होते. दोऱ्याचे दुसरे टोक मी धरले होते.